अजून सक्षम नाही

प्रिय थांबा,

या नावाने सुरुवात केली म्हणून नाक मुरडू नकोस. अख्खं घर तुला याच नावाने ओळखतं, आणि हे पत्र तू एकटा वाचणार नाहीस, मी ते छापायला देणार आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "थांबा वहिनी, एकदा बघतो," आणि तुझं ते बघणं माझ्या हयातीत संपलं नसतं. तुला माहीत असलेल्याच गोष्टी पुन्हा सांगणार आहे, कारण वाचणाऱ्यांना त्या माहीत नाहीत. कंटाळा आला तर पानं उलट, मला कळणार नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेत जाणारा, हडकुळा, हट्टी दीर होतास. सगळे मिळून कुठे निघालो की आम्ही जिना उतरून रस्त्यावर पोचायचो आणि वरून तुझी हाक यायची, "थांबा." दाराचं कुलूप तू ओढून बघत असायचास. एकदा ओढायचास, चार पायऱ्या उतरायचास, परत चढून पुन्हा ओढायचास. तुझ्या दादांचा पारा चढायचा. "अरे, ते कुलूप आहे, म्हैस नाही. दावं तोडून पळणार नाही," ते खालून ओरडायचे. तू उलट बोलायचा नाहीस, पण ऐकायचाही नाहीस. तेव्हापासून तुझं नाव थांबा.

मोठेपणी तू कुलपांच्याच कारखान्यात लागलास तेव्हा मला हसू आवरेना. तिथे तुला शेवटचं टेबल मिळालं. तयार झालेलं प्रत्येक कुलूप तुझ्या हाताखालून जायचं. किल्लीने उघडायचं, दाबून लावायचं, हिसडा द्यायचा आणि मग खोक्यात टाकायचं. दिवसभर एवढंच. दुसऱ्या कोणी भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं, तू संध्याकाळी शीळ घालत घरी यायचास. नापास झालेली कुलपं कामगारांना फुकट मिळत. ती तू कौतुकाने घरी आणायचास, त्यामुळे तुमच्या एकाही कपाटाला धड लागणारं कुलूप नव्हतं. माझी जाऊ म्हणजे तुझी बायको म्हणायची, "पास झालेली जगाला, नापास झालेली मला. नवऱ्यासकट."

पुढे लोक दारांना कार्डं आणि भिंतींना कॅमेरे लावायला लागले. कुलपांचा खप बसला आणि कारखाना बंद पडला. तुझी तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. घरी बसून तू जाऊचं डोकं खायला लागलास. गॅसचं बटण, नळ, खिडकीच्या कड्या, झाकणं, बरण्या, सगळ्यांची तपासणी. तिने शिवणाचं काम घ्यायला सुरुवात केली होती आणि मशीनवर बसली की मागून तुझा आवाज यायचा, "थांब, सुई नीट बसलीय का बघतो." एक दिवस ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, यांना कुठे तरी कामाला लावा, नाहीतर मला तरी कुठे तरी पाठवा."

काम तूच शोधलंस. इमारतींना अलार्म, कॅमेरे आणि बोटाच्या ठशाने उघडणारी दारं बसवणारी एक कंपनी ॲप्रेंटिस घेत होती. वयाची अट नव्हती. तू जाहिरातीचा तुकडा खिशात घेऊन आलास आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलास.

"पोरं माझ्या मुलीच्या वयाची असतील, वहिनी."

"असू देत. वायरला वय कळत नाही."

"हसतील."

"हसतील की. चार दिवस हसतील, मग दमतील. तू कशाला आधीच दमतोस?"

तू गेलास. पोरांनी तुला काका केलं आणि चार दिवसांत खरंच दमली. पुस्तकातल्या भागासाठी तू संध्याकाळी माझ्याकडे यायचास. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण इतका सावकाश विद्यार्थी मला मिळाला नव्हता. टेबलावर टॉर्चचा सेल, छोटा दिवा आणि वायरचे तुकडे मांडून मी तेच तेच सांगायचे आणि तू मान हलवून म्हणायचास, "थांबा, हे पटलं नाही." माझा जीव मेटाकुटीला यायचा. मात्र एकदा पटलेलं तू कधी सोडलं नाहीस. माझ्या हुशार विद्यार्थ्यांबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

कंपनीने तुला ज्याच्या हाताखाली दिलं त्या जुन्या कारागिराला सगळे उस्ताद म्हणत. बुटका माणूस, खांद्याला कायम शिडी, तोंडाला कायम धार. छताच्या कोपऱ्यात तू सेन्सर लावत असलास की तो खालून विचारायचा, "काका, सेन्सर लावतोयस की त्याचं लग्न लावतोयस? मुहूर्त कधीचा?" तू वरून म्हणायचास, "थांबा उस्ताद, स्क्रू थोडा तिरका गेलाय." तो कपाळाला हात लावायचा. पण इतर ॲप्रेंटिसांची कामं तो मागाहून शिडीवर चढून बघायचा आणि तुझं बघायचा नाही. हे मला तू कधी सांगितलं नाहीस. तुमच्यातला सगळ्यात चपळ मुलगा, ज्याला सगळे रॉकेट म्हणायचे, त्याने सांगितलं.

उस्तादाचा एक नियम होता, तो आता नीट सांगायला हवा, कारण सगळं पुढे त्याच्यावरच अडलं. अलार्मचं काम चालू असताना भोंगा सारखा वाजत राहिला तर काम करणाऱ्याचं डोकं उठेल आणि शेजारी काठ्या घेऊन येतील. म्हणून सुरुवातीलाच भोंग्याची एक वायर सोडवून ठेवतात. काम संपल्यावर ती परत जोडायची. या धंद्यातली सगळ्यात सोपी चूक म्हणजे ती जोडायला विसरणं. दिवे लागतात, पडद्यावर सूचना येते, सगळं झकास दिसतं, आणि चोर शिरतो तेव्हा घर मुकं. उस्ताद सांगायचा की वायर सोडवली की लाल टेपचा एक तुकडा आपल्या डाव्या अंगठ्याला गुंडाळा. वायर जोडली की मगच तो काढा. आणि निघण्यापूर्वी अंगठा बघा. अंगठा लाल असेल तर काम अपुरं आहे, कोणी काहीही म्हणो.

तुझ्यासारख्याला हा नियम म्हणजे मेजवानी. तू अंगठा दोनदा बघायचास.

ॲप्रेंटिसची मुदत संपली आणि सक्षमता चाचणी आली. या चाचणीत शाळेसारखे गुण नसतात. परीक्षक काम बघतात, प्रश्न विचारतात आणि शेवटी दोनपैकी एक शेरा देतात, 'सक्षम' किंवा 'अजून सक्षम नाही'. काठावर पास झालेली पोरं पुढच्या वर्गात ढकलून मी थकले होते, त्यामुळे मला हा प्रकार पसंत पडला. तुझ्यासाठी मात्र दोन शेऱ्यांत सगळा संसार होता. सक्षम ठरेल त्याला कंपनी लगेच कामावर घेणार होती, बाकीच्यांना निरोप. मुलगी कॉलेजात होती. जाऊचे डोळे शिवणाने लाल व्हायचे. चाचणीच्या सकाळी ती तुला म्हणाली, "आज नीट या. मग मी हे मशीन पंधरा दिवस झाकून ठेवणार आहे आणि नुसती लोळणार आहे."

ती खोली मी नंतर पाहिली. लांबट दालन, उंच खिडक्या, आणि भिंतीलगत माणसाएवढ्या उंचीचे प्लायवूडचे फळे. प्रत्येक फळ्यावर एक खोटं घर. छोटं दार, दाराला सेन्सर, वर हालचाल टिपणारा डोळा, मधोमध पॅनेल, बाजूला ठसा घेणारं यंत्र आणि कोपऱ्यात भोंगा. पलीकडच्या खोलीत दुसऱ्या तुकडीचा लेखी पेपर चालू असल्याने काम करताना भोंगे बंद ठेवायला सांगितले होते. तू वायर सोडवलीस, अंगठ्याला टेप गुंडाळलीस आणि लागलास कामाला. फळ्यात मुद्दाम घातलेले दोष तू शोधलेस. परीक्षक बाई चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत तुझ्यामागे उभ्या होत्या.

मग ठशाचं काम आलं. यंत्राला आपल्या बोटाचा ठसा ओळखायला शिकवायचं आणि त्याच बोटाने दार उघडून दाखवायचं. तुझ्या उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो खाली ठेवायचा कशाला, म्हणून तू डावा अंगठा पुढे केलास. टेप आड आली. तू ती काढलीस, आत्ता परत लावू म्हणून पॅंटच्या गुडघ्यावर चिकटवलीस, आणि यंत्रावर अंगठा टेकवलास. दार उघडलं. बाईंनी विचारलं, "नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा ठसा कसा काढून टाकाल?" तू ते करून दाखवलंस. मग सवयीने अंगठा बघितलास. स्वच्छ. पुन्हा बघितलास. स्वच्छ. म्हणजे काम पुरं.

शेवटी बाईंनी तुझ्या खोट्या घराचं दार उघडलं. पॅनेलचा दिवा लागला, पडद्यावर सूचना आली, आणि खोलीत भोंगा दणाणला. तो शेजारच्या फळ्यावरचा होता. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या परीक्षकांसमोर रॉकेटचीही शेवटची तपासणी चालली होती. बाईंना तो तुझा वाटला, तुलाही तुझाच वाटला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "सक्षम."

बाहेर व्हरांड्यात तू बाकावर बसलास, डबा उघडलास, आणि तुझी नजर गुडघ्यावर गेली.

पुढचं मला रॉकेटने सांगितलं. तो तुझ्या शेजारी बसून जेवत होता. तू टेपकडे इतका वेळ बघत राहिलास की त्याने विचारलं, "काका, चटका बसला का?"

"माझा भोंगा बंदच राहिलाय."

"वाजला की. मी ऐकला."

"तो तुझा होता."

त्याने घास खाली ठेवला. पोरगं तसं मनाचं चांगलं. म्हणालं, "काका, गप्प बसा. तो प्लायवूडचा फळा आहे. त्याच्या आत काय आहे चोरायला? उद्या बाई सगळ्या वायरी उपटून टाकतील, संपलं."

"ते खरं आहे."

"आणि काकूंना काय सांगणार?"

"थांब," तू म्हणालास. डबा बंद केलास आणि आत गेलास.

बाई दुसऱ्या उमेदवारापाशी होत्या. त्यांचं होईपर्यंत तू बाजूला उभा राहिलास आणि मग सांगितलंस की भोंग्याची वायर सुटलेली आहे, मघाशी वाजला तो शेजारचा. बाई तुझ्या फळ्याकडे गेल्या. दार उघडलं. दिवा लागला, सूचना आली, आणि भोंगा गप्प.

"मुका अलार्म देऊन निघालेल्या माणसाला मी सक्षम म्हणू शकत नाही. बाकीचं काम कितीही चांगलं असलं तरी."

"हो, बाई."

"ऐकण्यात माझीही चूक झाली. तीही मी अहवालात लिहिते." मग शेरा खोडला, बाजूला सही केली आणि म्हणाल्या, "अजून सक्षम नाही. यातला पहिला शब्द लक्षात ठेवा."

तू तिथून सरळ घरी गेला नाहीस, माझ्याकडे आलास. स्टुलावर बसलास आणि सगळं सांगितलंस, रॉकेटचं बोलणं तेवढं वगळून. मी भाजी निवडत होते. खोटं कशाला बोलू, आधी मला राग आला. इतक्या संध्याकाळी मी या माणसाला शिकवलं, आणि हा मिळालेली नोकरी परत करून आला. मग माझ्या लक्षात आलं की मी शिकवलेल्या कितीतरी मुलांनी नाव काढलं, फोटो छापून आणले, आणि त्यांच्यापैकी कोणाबद्दलही मला आत्ता वाटतंय तसं वाटलेलं नाही. हे तुला सांगायला हवं होतं, पण तुझा चेहरा बघून मी चहा टाकला.

"मी येते घरी," मी म्हणाले. "एकटा जाऊ नकोस."

जाऊने दार उघडलं तेव्हा मशीनवर जुनी चादर पांघरलेली होती. तू सांगितलंस. चादर काढून तिने घडी घातली. मग म्हणाली, "इतकी वर्षं नापास कुलपं घरी आणलीत. आज स्वतःच आलात."

"अगं, त्याने मागाहून जाऊन सांगितलं म्हणून," मी मध्ये पडले.

"ते मला सांगू नका, ताई. न सांगता घरी आले असते तर रात्रभर 'थांब, थांब' करत छताकडे बघत बसले असते, आणि मला त्यांच्याशेजारी झोपायचं आहे." मशीनमध्ये दोरा ओवता ओवता तिने तुला विचारलं, "परत कधी असते ती परीक्षा?"

त्या प्रश्नासाठी मी तिला मानते. त्यानंतर तिने तो विषय टोमण्यापुरताही काढला नाही.

उस्ताद मात्र फणफणत आला. त्याला तू कबुली दिलीस याचं काही नव्हतं, ते त्याने गृहीत धरलं होतं. "डावाच अंगठा का?" तो विचारत राहिला. "देवाने उजवा दिला नव्हता? बाकीची आठ बोटं काय दाखवायला आहेत?" कंपनीने नियमाप्रमाणे निरोप दिला. उस्तादाने तुला रोजावर आपल्याबरोबर घेतलं, शिडी धरायला आणि वायरी ओढायला. कालचा ॲप्रेंटिस रॉकेट टेक्निशियनचं ओळखपत्र गळ्यात घालून हुकूम सोडायचा आणि तू खालून स्क्रू द्यायचास. पहिल्या दिवशी तो संकोचाने अर्धा झाला. तू त्याला म्हणालास, "हुकूम दे बाबा, नाहीतर दोघंही घरी जाऊ."

कित्येक महिन्यांनी पुन्हा चाचणी लागली तेव्हा मी हट्टाने बरोबर आले. जाऊ म्हणाली, "तुम्ही जा, ताई. मला बघवणार नाही." मी व्हरांड्यातल्या त्या बाकावर बसले. आत त्याच बाई होत्या. तुला बघून त्या म्हणाल्या, "या. आज कुठला अंगठा?"

"उजवा," तू म्हणालास, आणि आतली पोरं काहीही न कळता हसली.

मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. दार किलकिलं होतं. शेवटी बाईंचा आवाज आला, "सगळ्यांनी हात थांबवा. यापुढे एका वेळी एकच भोंगा वाजेल." त्यांनी स्वतःच्या कामाची पद्धत बदलली होती. आत शांतता झाली, आणि मग भोंगा असा फुटला की व्हरांड्यातला शिपाई हातातला चहा सांडून बसला. लोकांनी कानावर हात ठेवले. मी ठेवले नाहीत. तो मला पुरा ऐकायचा होता.

तू बाहेर आलास. सगळीकडे बघितलंस, जणू कोणाचं तरी गुपित फोडायचं आहे, आणि हळूच म्हणालास, "सक्षम." मी चारचौघांत रडत नाही. तुझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "चल, उशीर होतोय." कशाला उशीर होत होता, मला आजही माहीत नाही.

कंपनीने तुला घेतलं. आता या भागातल्या किती दुकानांचे, दवाखान्यांचे आणि बँकांचे अलार्म तुझ्या हातचे आहेत ते मी मोजलेलं नाही, पण रस्त्याने जाताना भिंतीवरचा प्रत्येक भोंगा मला नात्यातला वाटतो. परवा औषधवाल्याने मला विचारलं, "ते 'थांबा' म्हणणारे तुमचे कोण?" मी म्हणाले, "दीर." हे मी ज्या सुरात म्हणाले तो सूर माझी पदवी सांगताना कधी लागला नव्हता.

तू सक्षम ठरलास त्या संध्याकाळी आपण दोघं उस्तादाकडे गेलो होतो. तो दाराकडे पाठ करून टेबलावर काहीतरी दुरुस्त करत होता. तू म्हणालास, "उस्ताद, झालं." तो वळला नाही. तू जवळ जाऊन म्हणालास, "सक्षम म्हणाल्या." तरी नाही. मी मोठ्याने म्हणाले, तरी नाही. तू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलास तेव्हा त्याने वर बघितलं, तुझं तोंड हलताना पाहिलं, आणि त्याला समजलं. तो हसला, तुझा गाल थोपटला आणि म्हणाला, "बस, बस. ओरडू नका, मला सगळं ऐकू येतं."

परत येताना आपण ठरवलं की त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं. सांगून तो येणार नाही, दवाखान्यातला अलार्म बिघडलाय म्हणून फसवून न्यायचं, असं तू म्हणालास, आणि ही तुझी आयुष्यातली एकमेव लबाडी मला फार आवडली. मी डॉक्टरांची वेळ घेतली. त्या दिवशी तुला एका बँकेने तातडीने बोलावलं. पुन्हा घेतली, तेव्हा माझा गुडघा सुजला. मग तू म्हणालास, "थांबा, हे काम संपू दे." मधल्या काळात उस्ताद मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेला, शिडी तुझ्याकडे ठेवून. त्याचा पत्ता तुझ्याकडे आहे. आपणच तिकडे जायचं ठरलं, गाडीची तिकिटं तू काढायची आणि तिथला डॉक्टर मी शोधायचा. मी अजून शोधलेला नाही, आणि तिकिटांचं तू काही बोलला नाहीस.

तुझी,
वहिनी